वरचा रुपया

थंडीतल्या जवळजवळ प्रत्येक रविवारी माझ्या घरी एक माणूस जेवायला येतो आणि मला तो अजिबात आवडत नाही. त्यालाही मी आवडत नाही. हे आम्हा दोघांनाही वर्षानुवर्षं ठाऊक आहे. तरी तो येतो, आणि तरी मी त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढते. त्याला खजिनदार म्हणते. मंडळाचा खजिनदार तो फार पूर्वी दोनच वर्षं होता, पण काही माणसांना पद सोडून जातं तरी ती पदाला सोडत नाहीत.

तो येतो तो लीगसाठी. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत सहा मराठी घरांची एक हॉकी लीग आहे, बर्फावरच्या हॉकीची. आमच्यातलं कुणी खेळत नाही. आमच्यापैकी कुणालाही बर्फावर उभं केलं तर पुढचा मुक्काम थेट हाडांच्या डॉक्टरकडे. खेळतात ते टीव्हीवरचे खरे खेळाडू. आम्ही दर सप्टेंबरात त्यांचा लिलाव करून आपापल्या कागदी टीम बांधतो, आणि खेळाडू तिकडे जे गोल करतील किंवा अडवतील त्याचे गुण इकडे आपल्या टीमला लावून घेतो. खऱ्या टीमना पगारावर जसा कॅप असतो, म्हणजे अमुक रकमेच्या वर एक पैसा नाही, तसा आम्हालाही आहे. आमचा कॅप शंभर रुपये. रुपये खोटे, भांडणं खरी.

माझ्या नवऱ्याने ही लीग काढली तेव्हा मी तिशीतली होते. त्या बाईबद्दल काय सांगू? तिला मी आजकाल ‘ती शहाणी’ म्हणते. ती शहाणी पहिल्यांदा रिंकवर गेली तेव्हा जाड पार्का कोटाच्या आत साडी, साडीच्या आत थर्मल आणि मांडीवर बटाटेवड्यांचा डबा असा तिचा थाट होता. नवऱ्याने सांगितलं होतं, आपले लोक त्या डावीकडच्या जाळीत गोल मारणार. तिने ते पाठ केलं. हॉकीत सामन्याचे तीन हिस्से असतात आणि प्रत्येक हिश्शानंतर बाजू बदलतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा अख्खा हिस्सा ती शत्रूच्या प्रत्येक गोलाला उभं राहून टाळ्या वाजवत होती. पुढच्या रांगेतल्या एका दाढीवाल्याने वळून तिच्याकडे पाहिलं, तर तिने त्याला वडा दिला.

लीगच्या पहिल्या हिवाळ्यात ती वर स्वयंपाकघरात तळत असायची आणि पुरुष खाली बेसमेंटमध्ये बसायचे. जिन्यातून आवाज यायचे: मुलगा चांगला आहे पण महाग आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं ऐकतो, कॅनडातला आहे, घरचं चांगलं असणार. तिला वाटलं, हे लोक कुणाच्या तरी मुलीसाठी स्थळं बघताहेत. तिने आठवडाभर विचार करून नवऱ्याला सुनावलं की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मुलाला इतक्या सहज नकार देऊ नये, आपल्याच घरात मुलगी आहे. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती.

तर या लीगची एक रीत मला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. लिलावाला बसलेल्या सहाही पुरुषांचे हात आहेराच्या पाकिटांवर वळलेले. पाकिटात पन्नास घालत नाहीत, एकावन्न घालतात. शंभर नाही, एकशे एक. शून्यावर थांबणं अशुभ, तिथे पुढे काही उरत नाही. त्यामुळे खेळाडूसाठीही कुणी दहा म्हणायचं नाही, अकरा म्हणायचं. वीस नाही, एकवीस. ट्रेड करतानाही तेच. नुसती अदलाबदल कोरडी समजतात. जो मोठा मासा देतो त्याने त्याच्यावर एक एकरुपयाचा खेळाडू टाकायचा, त्याला म्हणतात वरचा रुपया. मग सुपारी फोडायची. सुपारी फुटली की लग्न ठरलं. मागे फिरणं नाही.

ती शहाणी या रीतीवर फार खूश होती. एका वर्षी नवरा तापाने पडला आणि त्याच्या जागी तिला लिलावात बसवलं. एका बचावपटूसाठी ती म्हणाली, “दहा.” बाकी सगळे गप्प, कुणालाच तो नको होता. मग तिला ते शून्य खुपायला लागलं आणि ती स्वतःच्याच बोलीवर म्हणाली, “अकरा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. खजिनदार म्हणाले, वहिनींना रीत कळते. ती आठवडाभर हवेत होती. असे तिने इतके रुपये वर उधळले की शेवटचा खेळाडू घ्यायला काही उरलं नाही आणि ताप उतरलेल्या नवऱ्याला वर्षभर एक माणूस कमी घेऊन लढावं लागलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, ती लवकर शहाणी झाली असती.

नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. माणूस गेला, टीम राहिली. शेवटची काही वर्षं त्याचे डोळे नीट चालत नव्हते, म्हणून कोण जखमी, कोण बाकावर, कोणाचा फॉर्म गेला हे मीच त्याला वाचून दाखवायचे. वाचून दाखवणाऱ्याला कळत नाही असा एक समज आहे. तो सोयीचा असतो.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या लिलावाच्या आधीच्या रविवारी खजिनदार आले आणि बूटही न काढता दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? आमचे जावई आता नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून इकडे राहायला आलेत. टीम त्यांच्याकडे देऊ. तुम्ही आपल्या वड्यांचं बघा.”

मी म्हटलं, “वडे जावयांना शिकवा की. तरुण आहेत, उभं राहवतं.”

त्यावर ते जे बोलले ते सभ्य भाषेत होतं म्हणून जास्त लागलं. टीम ही काही इस्टेट नाही की बायकोच्या नावावर व्हावी. इतरांचंही तेच मत आहे. तरी मोठ्या मनाने एक हंगाम देऊ. शेवटच्या नंबरावर आलात तर टीम जावयांची. मी विचारलं, हा नियम सगळ्यांना का? तर म्हणाले, नाही, सगळे जुने मेंबर आहेत. ज्या बाईने तीस वर्षं त्यांना तळून घातलं ती नवी.

मी हो म्हटलं. रागात म्हटलं, हे खरं. पण एक गोष्ट मला त्या क्षणीही स्वच्छ दिसत होती. टीम गेली तर लीग दुसऱ्या कुणाच्या बेसमेंटमध्ये जाणार. मग रविवारी माझ्या घरी कोण येणार? मुलगी, ती महिन्यातून दोनदा. आणि फोनवर तिकडे बेलव्ह्यूला राहणारी नणंद, जिला तिच्या पाठीच्या कण्याखेरीज विषय नाही. मला या पाच माणसांचा राग यायला हवा होता, आणि राग यायला ती समोर बसलेली हवी होती.

लिलावात मी एक खोडी केली. मला नको असलेल्या खेळाडूंवरही बोली लावायची, पण बरोबर शून्यावर आणून सोडायची. वीस म्हणायचं आणि चहा ओतायला लागायचं. समोर चुळबुळ सुरू. ते शून्य टेबलावर मेलेल्या माशीसारखं पडलेलं, आणि ते उचलल्याशिवाय कुणाला राहवेना. अशाच एका गोलकीपरला खजिनदारांनी एकवीसला उचललं. त्यांच्याकडे आधीच एक चांगला होता. आमच्यातल्या नागपूरकरांनी तर एका खेळाडूला एकतीसला घेतल्यावर विचारलं, “हा कोण आहे पण?”

मी स्वतः मात्र दहाला दहा आणि वीसला वीस म्हटलं. “वहिनी, शून्यावर थांबू नये,” असं तिघांनी प्रेमाने सांगितलं. मी म्हटलं, विधवा बाईला कसलं आलंय शुभ-अशुभ. ते हत्यार वर्षातून एकदाच चालतं, पण चालतं.

एवढं करून हंगाम माझा वाईटच गेला. दहाला घेतलेला माझा गोलकीपर जानेवारीत मांडीचा स्नायू धरून बसला तो बसलाच. मी सहावी झाले, म्हणजे शेवटची. टीमची बेरीज नव्व्याण्णव, म्हणजे नवा गोलकीपर घ्यायला एक रुपया शिल्लक, आणि एका रुपयात गोलकीपर नाही, त्याची जाळीही येत नाही. माझ्या कॅपमधले एकतीस रुपये एकटा म्हातारा खाऊन बसला होता. म्हातारा म्हणजे नवऱ्याचा लाडका खेळाडू, अडतिशीतला, एकेकाळचा मोठा. आमच्यात जुन्या भावाने खेळाडू पुढे ठेवता येतो, तसा तो नवऱ्याकडून माझ्याकडे आलेला. आणि दुसऱ्या टोकाला माझ्याकडे एक रुपयाचा एक पोरगा होता, फिनलंडचा, विशीतला. कुणालाच नको होता म्हणून घेतलेला. डिसेंबरपासून तो गोल करायला लागला होता, आणि आणखी दोन वर्षं मी त्याला एका रुपयातच ठेवू शकणार होते.

ट्रेडची मुदत संपायच्या आधीच्या आठवड्यात मुलगी आली. ती इथेच जन्मली, शाळेत असताना हॉकी खेळली आहे, आणि माझ्याशी ती डॉक्टर पेशंटशी बोलतात तसं बोलते. मी तिच्यापुढे सगळं मांडलं. गोलकीपर खजिनदारांकडे जास्तीचा आहे, एकवीसवाला. त्यांना हवाय म्हातारा, कारण फेब्रुवारीत म्हाताऱ्याला अचानक तारुण्य आलंय, गोलावर गोल मारतोय, आणि खजिनदार दुसऱ्या नंबरावर आहेत, त्यांना पहिला हवाय. म्हातारा दिला, गोलकीपर घेतला, तर माझे वर दहा रुपये सुटतात, त्यात एक बचावपटूही येतो. पण मोठा मासा मी देणार, म्हणजे वरचा रुपया मीच द्यायचा. आणि माझ्याकडे एकरुपयाचा खेळाडू एकच आहे.

“आई, यू डोन्ट ट्रेड द किड,” ती म्हणाली. “नेव्हर. दोन वर्षांनी तो यांच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेल.”

“दोन वर्षांनी माझी टीम असेल का?”

“मग म्हाताऱ्याला ठेव. बाबांचा होता तो.”

बाबांचा होता म्हणूनच मला तो नकोसा होता. मला न्यूमोनिया झाला तेव्हा माझा नवरा माझ्या उशाशी बसून त्या म्हाताऱ्याचा सामना बघत होता, आवाज बंद करून, म्हणजे मोठाच त्याग. पण खरं कारण वेगळं होतं. मी टीव्हीवर त्याला बाकावर बसताना पाहिलं होतं. गोल मारून आला, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि बसताना त्याने आधी हात टेकला, मग एक पाय पुढे सोडला, मग बाकीचं शरीर. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी अशीच बसते. तो गुडघा एप्रिलपर्यंत टिकणार नव्हता. समालोचक त्याच्या दुसऱ्या तारुण्याबद्दल बोलत होते.

म्हणजे म्हातारा देणं सोपं होतं. प्रश्न पोराचा. पोरगा न देता सुपारी फुटणार नाही, आणि पोरगा दिला तर पुढची दोन वर्षं मी हात चोळत बसणार. मी रविवारपर्यंत दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी स्वतःला शिव्या घातल्या.

रविवारी सगळे जमले. खजिनदार बोलायला लागले की मला माहीत असतं, आधी ते स्वयंपाकाची स्तुती करतील. केली. मग म्हणाले, वहिनी, त्यांचा लाडका खेळाडू तुमच्याकडून मागायला जीभ रेटत नाही, पण तुमच्याच भल्यासाठी विचारतो. मी पेपर नॅपकिन डोळ्याला लावला. मुलगी समोर बसून तिच्या ताटात बघत होती. मी म्हटलं, भावजी, ती त्यांची शेवटची आठवण. त्यावर खजिनदार घाईला आले. माणूस घाईला आला की त्याला भाव दिसत नाही, वस्तूच दिसते. हो-नाही करत मी म्हाताऱ्याला सोडायला तयार झाले, गोलकीपरच्या बदल्यात.

“आणि वरचा रुपया?” ते म्हणाले. “तो फिनलंडचा पोरगा.”

नागपूरकर म्हणाले, अहो, तो पोरगा म्हणजे रुपया आहे का आता, तो तर हिरा झालाय. खजिनदार म्हणाले, भाव एक रुपयाच आहे ना? मग रुपयाच.

अडकित्ता त्यांच्या हातात होता, माझ्याच घरचा. सुपारी पात्यांत धरलेली. मी त्यांच्या टीमची बेरीज मनात केली, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. त्यांचे एकोणनव्वद. एकवीस जाणार, एकतीस येणार, नव्व्याण्णव. त्यावर माझा एक.

“फोडा मग,” मी म्हटलं. “पोरगा घ्या. बरोबर शंभर होतात हो तुमचे.”

अडकित्ता थांबला.

शंभर चालतात. नियमात चालतात, शंभराच्या वर चालत नाहीत. पण हा तो माणूस आहे ज्याने माझ्या मुलीच्या लग्नात शंभराच्या चेकला एक डॉलरची नोट स्टेपल केली होती. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते शून्य दिसत होतं, एक नाही, दोन. हंगामाच्या शेवटी, पहिला नंबर समोर असताना, बरोबर शंभरावर बंद. पुढे काही उरलेलंच नाही.

ते म्हणाले, असं करू, मी माझा एक एकरुपयावाला तुम्हाला देतो, हिशोब नव्व्याण्णवावर राहील.

“म्हणजे वरचा रुपया घ्यायचा आणि रुपया परत करायचा?” मी विचारलं. “आहेरातले सुट्टे परत देतात का, भावजी? तुम्हीच सांगा, रीत तुम्हाला कळते.”

नागपूरकर हसले. बाकीचे हसले नाहीत, पण त्यांनी पाणी प्यायला सुरुवात केली. कुणाला तरी टीममधून काढून टाकायचा मार्गही नव्हता. आमच्यात काढलेल्या खेळाडूचा भाव वर्षभर डोक्यावर राहतो. खजिनदारांनी सुपारी पात्यांतून काढली, पुन्हा धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की त्यांना पोरगा मुळात नकोच होता, फिनलंडची पोरं दुसऱ्या वर्षी बसतात. म्हातारा द्या, गोलकीपर घ्या, विषय संपवा. आणि सुपारी फोडली. लीगच्या इतिहासात वरच्या रुपयाशिवाय झालेला तो पहिला ट्रेड.

मुलगी मला नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, “यू आर इव्हल.” मी म्हटलं, ताटं आण.

मार्चच्या शेवटी म्हाताऱ्याचा गुडघा गेला. कुणी धक्का दिला नाही, काही नाही, वळताना गेला. खजिनदार दुसऱ्यावरून चौथ्यावर घसरले. माझा नवा गोलकीपर मोठा कुणी निघाला नाही, पण रोज कामाला येत होता, तेवढं पुरलं. मी पाचवी आले. नागपूरकर सहावे आले आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही, ते जुने मेंबर.

त्या शेवटच्या रविवारी खजिनदार जेवले नाहीत. ताट वाढलेलं तसंच ठेवलं. म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं.”

“मला माझा गुडघा माहीत होता.”

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते माझ्या नवऱ्याकडे बघायचे, लिलावात तो बोली चढवायला लागला की. तो चांगला राग होता. मला त्याची किंमत कळते. मग त्यांनी ठराव मांडला: सहाच्या सात टीम करू, जावयांना सातवी देऊ, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. असल्या बदलाला सगळ्यांची संमती लागते. चौघांनी हो म्हटलं. मी नाही म्हटलं. कारणही दिलं, की चांगले गोलकीपर आधीच कमी आहेत, सात घरांत वाटले तर कुणाला पुरायचे नाहीत. कारण खरं होतं. ते नसतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

जावई स्वतः आला, मे महिन्यात, एकटाच. चांगला मुलगा आहे, त्याचं मला वाईट वाटतं. बूट काढले, खुर्चीच्या कडेवर बसला, चहा घेतला. म्हणाला, “मावशी, मला खरंच आवडतो हा गेम. बाबांचं जाऊ द्या, ते असेच आहेत. तुम्ही एकदा हो म्हणालात तर सातवी टीम होईल.”

मी त्याला विचारलं, कॅरीला असताना कोणाला फॉलो करायचास, आणि त्याने नीट उत्तर दिलं, अगदी बाकावरच्या तिसऱ्या गोलकीपरपर्यंत. खजिनदारांपेक्षा जास्त कळत होतं त्याला. अशा माणसाला लीगमध्ये घेणं म्हणजे मी पुन्हा सहावी, नाहीतर सातवी.

“नाही,” मी म्हटलं.

मी त्याला शंकरपाळ्यांची एक वाटी दिली.

“वाईट वाटून घेऊ नकोस. आम्ही सगळे सत्तरीला टेकलेले आहोत. एखाद-दोन वर्षांत कुणाची ना कुणाची खुर्ची रिकामी होईलच.”

“मावशी, असं काय बोलता...”

“खरं तेच बोलते. तेव्हा ये तू. पण सासऱ्यांना सांग, ती माझी नसेल.”